दारात भरणारी शाळा

आमच्या मास्तरांइतका आडमुठा माणूस साऱ्या बीड जिल्ह्यात झाला नाही, आणि हे मी कौतुकानं नाही, रागानं सांगतोय. निजामाचं राज्य गेलं, माझे दात गेले, पण तो राग काही जाईना.

लिंबागणेशच्या अलीकडं आमचं गाव. मारुतीच्या देवळामागची एक खोली म्हणजे शाळा आणि पटावर बावीस पोरं. निजामाच्या तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, साहेब फेरीवर येतील आणि पोरं कमी दिसली तर शाळा बंद करतील, असा हुकूम होता. दुसरा कुणी असता तर त्यानं छडी उचलली असती. आमचे मास्तर सगळी शाळाच उचलायचे आणि चुकार पोराच्या दारात नेऊन भरवायचे. अंगणात एकवीस पोरं, उंबऱ्यावर मास्तर आणि पावकी-निमकीचा गजर. घरातल्या बाईनं भाकरी थापायची कशी, गड्यानं बैल सोडायचे कसे? माझी आई एकदा भडकून म्हणाली, "मास्तर, तुमी आमच्या दारात धरणं धरून बसलात काय? काहून छळता?" मास्तर शांतपणे म्हणाले, "बाई, मुलगा बाहेर आला की शाळा जाते." शेवटी बापच बखोट धरून पोराला बाहेर काढायचा.

वागणुकीचंही तेच. पोरानं पोराला आईवरून शिवी दिली, की ज्याला दिली त्याच्या घरी जायचं आणि त्याच्या आईसमोर उभं राहून तीच शिवी पुन्हा द्यायची. मी एकदा गेलो होतो. त्या माउलीनं केरसुणी हातात घेऊन विचारलं, "काय म्हन्लास? जरा मोठ्यानं म्हन." त्यानंतर गावातली पोरं इतकी सभ्य झाली की मोठ्या माणसांना लाज वाटू लागली.

आता आमची हरामखोरी सांगतो. हुरड्याच्या दिवसांत आम्हाला शक्कल सुचली. ज्याच्या रानात ज्वारी हुरड्यात आली असेल त्यानं शाळा चुकवून रानात बसायचं, म्हणजे मास्तर शाळा घेऊन रानातच येणार. उजळणी झाली की आगटी पेटायची. मास्तरांना हे कळत नव्हतं असं नाही, पण हजेरी भरत होती आणि हुरडा त्यांनाही आवडत होता.

त्या दिवशी पाळी माझी होती. मास्तर आले आणि म्हणाले, "आधी सतराचा पाढा." मला तो येत नव्हता. तेवढ्यात चावडीवरचा शिपाई धापा टाकत आला. "मास्तर, साहेब आलेत. शाळंला कुलूप हाय. लई तापलेत, चला." तरी हा माणूस उठेना. म्हणाला, "याचा पाढा होऊ दे." मी चारदा अडखळलो, चारदा पुन्हा म्हणायला लावलं. अरे, काय जळत होतं तुमचं त्या पाढ्यावाचून?

आम्ही गावात पोचलो तेव्हा साहेबांची बैलांची दमणी वेशीबाहेर पडत होती. मास्तर धोतर सावरत तिच्यामागं धावले, त्यांच्यामागं आम्ही. "साहेब, मोजून घ्या. बावीसच्या बावीस आहेत."

साहेबांनी विचारलं, "मदरसे में कितने थे?"

"शाळेत एकही नाही," मास्तर म्हणाले.

राग येतो तो याचा. "हा एक पोरगा चुकला होता, त्याला आणायला गेलो होतो," एवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी तिथं शेजारीच उभा होतो. मीही तोंड उघडलं नाही.

महिन्याभरात हुकूम आला. शाळा मोडली आणि मास्तर एक वळकटी घेऊन नेकनूरच्या वाटेनं निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी घेऊन आमच्याच उंबऱ्यावर बसलो. तिसऱ्या दिवशीही बसलो. बापानं रानात चल म्हणून दोनदा हाक मारली, मी हललो नाही. चौथ्या दिवशी आई भाकरी थापायची थांबली आणि आतूनच म्हणाली, "ऊठ बाबा आता. न्हाई येत ते."