परातीतला पाकट

ज्या माशाला मी जन्मात पाहिलं नाही, त्याच्यावर मी अख्खं एक वर्ष जळत होतो.

सत्तरच्या दशकात सोलापूरला साखर पेठेत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. मागावरच्या मोटारी, पार मैंदर्गीपर्यंतच्या विहिरींवरच्या मोटारी, जळलं की सगळं माझ्याकडे! त्यामुळे सासुरवाडीत वीज म्हणजे मी. फ्यूज उडाला, बोलवा थोरल्या जावयाला. सासरे, म्हणजे मामा, पाहुण्यांना सांगायचे, "आमचं जावई करंटला हात लावून बघत्यात, लई धीट गडी!" (खरं तर मी टेस्टर लावायचो. पण मामांचा शब्द कशाला मोडा?)

मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि चंद्रकांत नावाचा साडू घरात शिरला. रत्नागिरीला मच्छी खात्यात कारकून. पहिल्याच सणाला पंगतीत म्हणतो, "मामा, मला माशाने शॉक दिला."

ज्या घरात अंड्याचं नाव काढलं तर मामी चूल पुन्हा सारवायच्या, ते सगळं घर भातावरचा हात उचलून माशाची गोष्ट ऐकायला बसलं!

"पाकटाची एक जात असते," चंद्रकांत म्हणाला. "भाकरीसारखा चपटा, गोल. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात अंगावर वाळू ओढून पडून राहतो. नुसते डोळे बाहेर. छोटा मासा जवळ आला की झटका! तो गार पडला की हा गिळणार."

"आन वीज कुटनं येती?" मामांनी विचारलं.

मी घाईघाईने घास गिळून तोंड उघडलं. वीज माझा विषय! पण मामा माझ्याकडे बघतच नव्हते.

"डोक्याच्या दोन्ही अंगांना त्याचे अवयव असतात, त्यात तयार होते. अनवाणी पाय पडला की मांडीपर्यंत मुंग्या. ओल्या जाळ्यातूनसुद्धा कोळ्यांच्या हाताला बसतो. चार-दोन झटके दिले की मात्र दमतो बिचारा, मग पडून पडून पुन्हा वीज साठवतो. आणि मामा, जुन्या काळी म्हणे सांधेदुखीवर हा मासा पायाखाली धरायचे."

मामांचे गुडघे कैक वर्षांचे धरलेले. त्यांनी तुपाची अख्खी वाटी चंद्रकांतच्या ताटात पालथी केली. मला नुसता चमचा दाखवला!

त्या दिवसापासून दारात कुणीही येवो, "आमच्या धाकल्या जावयाला माशानं करंट दिला!" मी जन्मभर करंट खाल्ला त्याचं काही नाही, आणि याला एकदा एका माशाने चाटलं तर हा विद्युतसम्राट! मला रात्री झोप लागेना.

पुढे धोंड्याचा महिना आला. दोन्ही जावयांना जेवायला बोलावणं, पाय धुऊन मान. मामींनी आधीच जाहीर केलं, "आदी धाकल्याचं पाय धुवायचं. लांबनं आल्यात ते."

झालं! माझं डोकं फिरलं. दुकानात मेगर होता. मोटारीचं इन्सुलेशन तपासायचं, हाताने फिरवायचं यंत्र. हँडल फिरवलं की माणूस मरत नाही, पण सगळे पूर्वज एकदम आठवतात. मानाची खुर्ची लोखंडी, पाय धुवायची परात पितळी. मी गुपचूप एक वायर खुर्चीला लावली, दुसरी परातीला, आणि दोन्ही सतरंजीखालून स्वयंपाकघराच्या दारामागे नेल्या. तिथे मेगर घेऊन माझी बायको शकू. (बहिणीच्या नवऱ्याचं कौतुक तिलाही माझ्याइतकंच झोंबत होतं.)

"परातीत पाय पडले की फिरव. ऐनवेळी कच खाऊ नकोस," मी बजावलं.

सगळे जमले. चंद्रकांत ऐटीत खुर्चीकडे निघाला, आणि मामांनी हात वर केला.

"थांबा. लांबचं-जवळचं काय न्हाय. पयला मान थोरल्याचा. या, बसा जावईबापू!"

वर्षभर ज्या वाक्यासाठी मी झुरलो, ते वाक्य आत्ता!

"नको, नको मामा! चंद्रकांतरावच बसू द्यात."

"काय मन हाय बगा!" मामींनी डोळ्यांना पदर लावला. चंद्रकांतने तर खांदे धरून मला खुर्चीत दाबलं आणि माझे पाय उचलून परातीत ठेवले. दाराच्या फटीतून शकूचा एक डोळा दिसला. मी मान हलवली, डोळे वटारले, ओठांनी 'नको, नको' केलं. मामा गुडघ्यांमुळे एका हाताने खुर्ची धरून वाकले आणि दुसरा हात त्यांनी परातीत घातला.

हँडल फिरलं.

मी खुर्चीसकट मागे! परात उलटी! आणि जे मामा आधाराशिवाय पाटावरून उठत नव्हते, ते टुणकन उभे राहून दोन उड्यांत अंगणात!

"हुबेहूब!" चंद्रकांत टाळी वाजवून ओरडला. "पाकटाचा झटका अस्साच!" मग त्याने वायर उचलून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि गोड हसून म्हणाला, "मामा, तुमच्या गुडघ्यांसाठी साडूभाऊंनी मासाच बनवला की हो!"

ज्याला झटका द्यायला निघालो, त्यानेच मला वाचवलं. असा अपमान शत्रूचाही होऊ नये.

अंगणातून मामांचा आवाज आला, "आरं तिच्या! गुडगा मोकळा झाला की! चंद्रकांतराव, तुमी म्हनला ते खरं हाय!" आणि पुसलेल्या परातीत, बिनवायरचे, पहिले पाय धुतले गेले ते चंद्रकांतचेच.

घरी येताना मी शकूला विचारलं, "मी मान हलवत होतो, ती दिसली नाही व्हय तुला?"

"दिसली की," ती म्हणाली. "पण तुमीच म्हनला हुता, कच खाऊ नको."

त्यानंतर दर सोमवारी मामा माझ्या दुकानात येऊ लागले. खुर्चीत बसायचे, परातीत पाय सोडायचे, आणि झटका बसला की डोळे मिटून समाधानाने म्हणायचे, "चंद्रकांतरावांचं लई उपकार हायेत आमच्यावर!"

थोरला जावई समोर बसून मुकाट्याने हँडल फिरवत असायचा. फक्त हे वाक्य आलं की जरा जोरात.