मळ्यातली वांगी

सुनेनं गॅसवर वांगी भाजायला घेतली आणि करपल्या सालीच्या वासासरशी मला नागपूरच्या कॉलेजचं वसतिगृह आठवलं.

मी मोताळ्याच्या माळ्याचा पोरगा, वकिलांच्या आणि मालगुजार जमीनदारांच्या मुलांत शिकायला गेलेला. जातीमुळे खानावळीत माझं ताट पंगतीपासून दूर, भिंतीकडेला मांडत. एकदा बाबा मळ्यातली पोतंभर वांगी घेऊन भेटायला आले. आचाऱ्यानं त्या वांग्यांचं भरीत केलं. पंगतीतली मुलं ते मागून मागून खात होती आणि भिंतीशी माझ्याजवळ बसलेले बाबा कौतुकानं हसत पाहत होते. मी हातातला घास ताटात ठेवला.

“बाबा, तुमाले राग नाही येत?”

“काऊन येईन?” आपल्या ताटातलं भरीत त्यांनी माझ्या ताटात सारलं. “आपले वांगे तं पंगतीत बसले. तूही बसशीन. शिकणं तेवढं सोडू नको.”

तेव्हा ते मला भोळे वाटले. आज कळतं, मी तिथं टिकावं म्हणून ते हसत होते.

बाबा गावी परतल्यावर काही दिवसांनी एका वकिलाचा मुलगा आपलं ताट उचलून माझ्याशेजारी येऊन बसला. चार घास जेवला. मग हळूच म्हणाला, “तुझे बाबा पुन्हा वांगी घेऊन कधी येणार?”