पोस्टमास्तरीणबाईंची निळी गाडी

डिंप्ना गिलहूलीने चौतीस वर्षं लोकांची पत्रं वेळेवर धाडली आणि आयुष्यात एकच पत्र अडवून ठेवलं. तेही स्वतःचंच.

लेट्रिम परगण्यातल्या तळ्याकाठच्या त्या गावाचं पोस्ट तिच्या घरातच होतं. रोज सकाळी नऊला खिडकी उघडायची, म्हणून तिची निळी गाडी कधी शेजारच्या स्लायगोच्या पलीकडे गेली नाही. मे अखेर पोस्ट बंद होणार असं वरून कळलं, तेव्हा गावाने गळा काढला. डिंप्ना मात्र मनातून खूश होती. सत्तरी गाठली तरी तिने केरीचा किनारा पाहिला नव्हता. आता निळीत बसायचं, खिडकीची काच खाली करायची आणि समुद्र डाव्या हाताला ठेवून जात राहायचं, असं तिने ठरवलं होतं. मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, की आजपासून गाडी चालवणं बंद.

एप्रिलच्या नऊ तारखेला गाडी घ्यायला टाइग ब्रेस्लिन आला. गावोगाव पियानोचे सूर लावत फिरणारा, मान कलती करून ऐकणारा माणूस. सौदा ठरेना, तेव्हा शेजारच्या पॅकी मॅकवीनीने दोघांचे हात धरून एकमेकांवर आपटले, म्हणजे तिकडच्या रीतीने सौदा पक्का. आलेल्या पैशांतली एक नोट डिंप्नाने शकुनाची म्हणून टाइगला परत दिली. ती न दिली तर विकलेली गाय आटते म्हणतात, गाडीचं काय होत असेल ते देव जाणे. मग मालकी बदलाच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या. हा कागद विकणाऱ्याने शॅननच्या सरकारी कचेरीत धाडायचा. तो पोचेपर्यंत सरकारच्या वहीत गाडी जुन्याच मालकाची. गावाला हे डिंप्नानेच घोकून घोकून शिकवलं होतं.

तिने कागद पाकिटात घातला, तिकीट लावलं आणि पाकीट चुलीच्या वरच्या फळीवरच्या बाळयेशूच्या मूर्तीमागे ठेवलं. पोस्टाची थैली तिच्याच खुर्चीमागे लटकत होती, हात लांबवला असता तरी पुरे होतं. उद्या टाकू, ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी वारा होता. तिसऱ्या दिवशी गुडघा धरला. खरं सांगायचं तर अंगणात गाडी उभी असायची तिथे कोरडा चौकोन उरला होता, आणि तो पाहिला की तिला वाटे, हा कागद गेला की आपण कायमच्या घरी बसलो.

पुढच्या महिन्यात डब्लिनहून पत्र आलं, की तुमची गाडी टोलच्या रस्त्याने गेली आणि टोल भरलेला नाही. शहाण्या माणसाने अशा पत्राला शिव्या दिल्या असत्या. डिंप्नाने ते तीनदा वाचलं, गुपचूप पैसे भरले आणि उशीखाली ठेवलं. मग कॉर्कहून चुकीच्या जागी गाडी लावल्याचं पत्र आलं. तोवर पोस्ट बंद झालं होतं. वरचे लोक वजनकाटा, तिजोरी, पाटी सगळं घेऊन गेले. खणाच्या तळाशी राहिलेला तारखेचा शिक्का आणि कोऱ्या पावत्यांचा गठ्ठा तेवढा त्यांच्या नजरेतून सुटला आणि तिनेही आठवण करून दिली नाही. रिकाम्या खिडकीशी बसून ती मनाने गाडीची वाट चालत राही. आता निळी एखाद्या घाटाच्या माथ्यावर उभी असेल. खाली समुद्र असेल. मागच्या सीटवर सूर लावायची हत्यारं किणकिणत असतील. कधी कधी तिला ओठांवर मीठ लागायचं, आणि ती जीभ फिरवून खात्री करायची.

पॅकी जळणाची पोती टाकायला आला की तिची तंद्री पाहून विचारी, "कुठे होतीस आज?"

"कॉर्कला," ती म्हणे.

"मग येताना मला लोणी तरी आणायचंस."

टाइगचा दोनदा फोन आला. गाडी अजून माझ्या नावावर झाली नाही, शॅननवाले म्हणतात काही आलंच नाही. डिंप्नाने सांगितलं, हल्ली टपाल फार सुस्तावलंय, माझ्या वेळेला असं नव्हतं. फोन ठेवल्यावर तिचे कान तापले. खोटं बोलायची सवय नसली की ते असं अंगावर उठतं.

ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी पोलीस सार्जंट नूला कॉनबॉय दारात आली. हिचं पहिलं बचत खातं डिंप्नानेच उघडलेलं, म्हणून चहा घेतल्याशिवाय ती कामाचं बोलली नाही. केरीतल्या एका गावात टाइग सभागृहात पियानो लावत होता, आणि बाहेर उतारावर लावलेली निळी गाडी आपोआप सुटली. ब्रेक ओढायला तो विसरला होता. एका बाईचा पाय दोन जागी मोडला. टाइगचे विमावाले म्हणतात, गाडी याच्या नावावरच नाही, आम्ही का द्यावं? डिंप्नाने आपला विमा तर विकल्या दिवशीच बंद केला होता.

"वहीत गाडी तुमची आहे, डिंप्नाबाई. दावा तुमच्यावर येईल. हे घरसुद्धा अडकेल," नूला म्हणाली. "पण कागद तेव्हाच टाकलात ना तुम्ही? टाकल्याची पावती असली की तुम्ही मोकळ्या. शोधून ठेवा, उद्या सकाळी येते."

ती गेल्यावर डिंप्नाने मूर्तीमागून पाकीट काढलं. खणातून शिक्का काढला. कोऱ्या पावत्यांचा गठ्ठाही होता. चिमट्याने तिने आकडे बसवले: नऊ, एप्रिल. पावतीवर एक ठोका दिला, पाकीट चुलीत घातलं की झालं. पत्र वाटेत गहाळ झालं असं ठरलं असतं आणि सगळं टाइगच्या गळ्यात पडलं असतं. तिच्या शब्दावर अख्ख्या लेट्रिममध्ये कोणी शंका घेतली नसती.

शंका घेतली नसती, कारण एकोणीस वर्षांपूर्वी याच खिडकीशी पॅकी टोपी हातात धरून उभा होता. शेताच्या अनुदानाचा अर्ज टाकायला त्याला एक दिवस उशीर झाला होता. कालची तारीख मार म्हणून त्याने गयावया केली, आणि तिने मारली नाही. त्याची वरची दोन शेतं त्या वर्षी विकली गेली. त्यावर तो आजवर चकार शब्द बोलला नव्हता. जळण मात्र दर शनिवारी टाकत होता.

डिंप्ना उजेड जाईपर्यंत शिक्का धरून बसली. तिला समुद्र आठवायचा होता. पण समोर येत होती ती बिछान्यावर पाय टांगून पडलेली कोणी बाई, जिच्या उशाशी पाण्याचा पेला होता आणि तो घ्यायला हात पुरत नव्हता. मग तिने चिमटा उचलला.

सकाळी नूला आली तेव्हा पॅकी दारातच पोतं उतरवत होता. डिंप्नाने तिला पावती दिली नाही, बंद पाकीट दिलं. नूलाने ते उजेडात धरलं. बंद पडलेल्या पोस्टाचा ठसठशीत शिक्का होता, तारीख आजची.

"डिंप्नाबाई, हा शिक्का आता चालत नाही. आणि याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?"

"कळतो. मी टाकलंच नाही ते. टाइग मागत होता, त्याला मी खोटं सांगितलं. तसं लिही. मला गाडी सोडवत नव्हती, नूला. ती माझ्या वाटचं फिरत होती."

नूलाने वही उघडली, पण लगेच लिहिलं नाही. पॅकीने पुढे होऊन पाकीट हातात घेतलं, तारखेवर अंगठा फिरवला आणि ते टेबलावर परत ठेवलं.

"मलाही तेव्हा आजचीच मारली होतीस," तो म्हणाला, आणि पोतं उचलून चुलीपाशी गेला.