हितं थांबलो

“बाई, हितं थांबलो.”

त्यांचा प्रत्येक व्हॉइस मेसेज असाच सुरू व्हायचा. नमस्कार नाही, कशा आहात नाही.

तुम्ही कधी पुस्तक लिहिलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. छापण्याआधी ई-बुकची फाईल दहा जणांना पाठवायची आणि अभिप्रायाची वाट बघत बसायचं. मला नऊ जणांकडून जोडलेले हात आणि ‘अप्रतिम!’ यायचं. मेल्यांनी फाईल उघडलेलीही नसायची.

दहावे हे. साताऱ्यात आमचे शेजारी होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पुढे माण तालुक्यात, गावाकडं, आपल्या मेंढरांत परत गेले. शिक्षण सातवी. पण मोबाईलवर अक्षर मोठं करून ओळ न् ओळ वाचायचे, आणि खोटं वाटलं की थांबायचे.

माझ्या पहिल्या कादंबरीत मुंबईहून वर्षाने आलेला नवरा दिसताच बायको धावत सुटते. लिहिताना मला रडू आलं होतं, बरं का!

“आवं बाई, सासू-सासऱ्यासमोर ती पळंल व्हय? आधी पाण्याचा तांब्या भरंल. हात मातर लय कापंल तिचा.”

असा राग आला मला! तीस वर्षं मराठी शिकवलं मी. दोन दिवस घरात तणतणले. तिसऱ्या दिवशी तांब्या लिहिला. आजही वाचक भेटले की त्याच पानाबद्दल बोलतात.

एकदा फोन केला, तर मागे मेंढरांची बें-बें आणि माणसांचं हसणं.

“फाईल कुणाला देऊ नका म्हटलं होतं ना?”

“दिली न्हाई. हुकूम म्हंजी हुकूम. फोन माझ्याच हातात हाय. ह्यास्नी नुसतं वाचून दावतोय.”

यंदा दुसऱ्या कादंबरीची फाईल पाठवली. निम्म्यापर्यंत ‘हितं थांबलो’ येत राहिलं, मग एकदम बंद. आवडली नसेल, असं वाटून मी फुरंगटून बसले. साधा फोन केला नाही, याची लाज वाटते. महिन्याने कळलं, छातीत दुखण्याचं निमित्त होऊन ते गेले होते.

छापखाना घाई करत होता. उरलेली निम्मी कादंबरी खरी उतरलीय का, हे मला आता कोण सांगणार होतं?

भेटायला गेले, तर त्यांच्या पत्नीने त्यांचाच फोन माझ्या हातात ठेवला. “ऱ्हायलेलं वाचा की बाई. ऐकनारी समदी आल्यात.”

दोन दुपारी मी वाचत होते. कुणी थांबवेना. नऊ जणांचं ‘अप्रतिम’ परवडलं, पण ही शांतता नको, असं झालं. शेवटच्या पानावर माझ्या नायिकेचा नवरा जातो आणि ती दिवसचे दिवस उंबऱ्यात बसून राहते.

“बाई, हितं थांबा.”

त्या म्हणाल्या. अगदी तोच सूर.

“बसू कोन देतंय? मेंढरं वरडत हुती. तिसऱ्या दिशी चरायला सोडावीच लागली मला.”

फोन खाली ठेवून मी वही काढली.

“सांगा,” म्हटलं, “मग काय केलंत?”