मोरीमागचा गज

मला सल्ला विचारावा लागत नाही. समोरच्याची गाडी अडली असेल, नळ ठिबकत असेल, दाराची बिजागरी कुरकुरत असेल, तर माझं तोंड आपोआप उघडतं. जुन्नरच्या एसटी स्टँडसमोर किका मारमारून घामाघूम झालेल्या अनोळखी माणसालाही मी थांबून सांगितलेलं आहे, "भाऊ, चोक बंद करा. पेट्रोल जास्त झालंय. पाच मिनिटं गाडीला हात लावू नका." तो आधी माझ्या साडीकडे बघतो, मग गाडीकडे. पाच मिनिटांनी गाडी चालू होते. म्हणजे बहुतेक वेळा होते.

ही खोड वडिलांची. आमचं घर लोणीला, आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला. विहिरीवर मोटर, दारात ट्रॅक्टर, आणि बाहेरून मिस्त्री बोलावणं म्हणजे वडिलांना कमीपणा. मला भाऊ नव्हता, त्यामुळे पाना धरायला मीच. दहावीत असताना मला मोटरचा फ्यूज बांधता येत होता आणि भाकरी मात्र गोल येत नव्हती. ती अजूनही येत नाही.

पुढे मी शिक्षिका झाले आणि काही वर्षांपूर्वी माझी बदली घाटघरच्या शाळेत झाली. घाटघर जुन्नरच्या पार पश्चिमेला, नाणेघाटाच्या तोंडाशी. रोज जाऊन-येऊन करणं पावसाळ्यात अवघड, म्हणून मी गावातच खोली घेतली. घरमालकीण साठी उलटलेली विधवा बाई. मुलगा चाकणला कंपनीत, सणावाराला येणारा. घरात ती आणि पडवीत तिची गाय, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची, डांगी जातीची. घरमालकिणीला मी मावशी म्हणायचे, ती मला बाई. भाताचं एक खाचर, थोडी नाचणी, हंगामात रानातून हिरडा गोळा करायचा, आणि रोज सकाळी गाय घेऊन पठारावर जायचं, संध्याकाळी परत यायचं. हे सगळं अनवाणी. पायात चप्पल घातली की जमीन कळत नाही, असं तिचं म्हणणं.

पहिल्याच पावसाळ्यात वाऱ्यानं खांबावरून घरात येणारी एक तार तुटली. दिवे गेले. वायरमनला फोन लागेना, लागला तर तो दुसऱ्या गावात अडकलेला. तीन दिवस झाले. घाटघरचा पाऊस म्हणजे भिंतीलाही बुरशी येते, आणि त्यात अंधार. चौथ्या दिवशी मी टेस्टर घेऊन बघितलं, तर करंट घरापर्यंत येत होता. परतीची तार, म्हणजे न्यूट्रल, तुटली होती. हा रोग माझ्या ओळखीचा होता. आमच्या लोणीत न्यूट्रल गेला की लोक वायरमनची वाट बघत बसत नाहीत. मोरीच्या मागं, जिथे सांडपाणी मुरतं तिथे, लोखंडी गज ठोकायचा, त्याला वायर बांधायची आणि ती न्यूट्रलच्या जागी जोडून द्यायची. वीज जमिनीतून परत जाते आणि दिवा लागतो. हे नियमात बसत नाही हे मला माहीत होतं. पण कितीतरी घरांत वर्षानुवर्षं चाललेलं होतं आणि कुणाला काही झालेलं ऐकिवात नव्हतं.

लोणीची जमीन काळी, खोल, पाणी धरून ठेवणारी. तिथे छातीएवढा गज लोण्यात सुरी गेल्यासारखा जातो. घाटघरला तो हातभर गेला आणि ठण्ण वाजला. खाली कातळ. मी म्हटलं, पाऊस आहे, सगळं ओलं आहे, चालेल. चाललं. बल्ब लागला तेव्हा मावशीनं आधी दिव्याला हात जोडले आणि मग माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"बाई, तुमी नसत्या तर आमी आंधारातच व्हतो," ती मला म्हणाली. "लई गुणाची बाई हाये," हे तिनं गावभर सांगितलं. त्या पावसात न्यूट्रल गेलेल्या आणखी तीन घरांना मी गज ठोकून दिले. चहा मिळाला, मान मिळाला. दिवे लागलेत म्हटल्यावर वायरमनकडे तक्रार करायची कुणालाच आठवण राहिली नाही, मलाही.

थंडी पडली तसं माझं पाणी तापेना. संध्याकाळी शाळेतून आले की मी खोलीत बादलीत कॉइल सोडून अंघोळीचं पाणी तापवायचे. पावसाळ्यात बरं तापायचं, आता तासभर लावली तरी कोमट, आणि कॉइल लावली की मावशीचा बल्ब पेंगायला लागायचा. कारण मला लगेच कळलं. जमीन सुकली, गजाला ओल नाही. मी मावशीला सल्ला दिला, "रोज सांजेला त्या गजाच्या बुडाशी दोन तांबे पाणी घालत जा." ती तुळशीला घालावं तितक्या नेमानं घालू लागली. फरक पडला. मी खूश झाले.

माघाच्या सुमाराला ती म्हणाली, "बाई, माज्या पायात मुंग्या येत्यात."

"कधी?"

"सांजच्याला. पार गुडघ्यापत्तुर. मंग रातभर पाय धरल्यावानी वाटतंय."

"वय झालं मावशी. दिवसभर डोंगर चढता-उतरता. कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बसत जा."

तिनं तेही केलं. मिठाचं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून ते ती नंतर गजाच्या बुडाशी ओतायची. त्या आठवड्यात माझं पाणी झकास तापलं.

मुंग्या वाढल्या. मी तिला स्कूटरवर बसवून जुन्नरला डॉक्टरकडे नेलं. वाटेत उतारावर गाडी बंद करून सोडणाऱ्या एका पोराला मी झापलंही, की इंजिन बंद केलंस तर सगळा भार ब्रेकवर येतो, पेट्रोल वाचवायला जाशील आणि दरीत जाशील. डॉक्टरांनी तिला विचारलं, "कुठे असताना होतं? बसल्यावर, चालल्यावर?" ती आठवत होती. तिच्याआधी मीच बोलले, "चालून चालून होतं, डॉक्टर. दिवसभर पायावरच असते." त्यांनी मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्या.

त्याच दिवसांत गायही हट्टाला पेटली. पठारावरून घरी येताना मोरीमागून पडवीत शिरायची वाट. त्या कोपऱ्यावर आली की गाय चारी पाय रोवून उभी राहायची, पुढे सरकायची नाही. मावशी अनवाणी, दोन्ही हातांनी दावं ओढायची, तोंडानं तिला समजवायची. "आगं चल की, आपलंच घर हाये." मी खिडकीतून बघायचे. माझी कॉइल चालू असायची. मी म्हटलं, "माजलीय ती. दावं आखूड धरा."

एका संध्याकाळी मावशी त्या कोपऱ्यावर गुडघ्यावरच बसली. मी धावत गेले, तिला उठवलं, आत आणलं. तिचे पाय थरथरत होते. ती घाबरली होती, हे मी पहिल्यांदाच बघत होते. "बाई, माजं पाय गेलं. आता ह्यातून मी काय उठत न्हाई."

आणि मी आणखी एक सल्ला दिला. गाय विका. झेपत नाही, तर अट्टाहास कशाला? उद्या पठारावर पडलात तर कोण बघणार? मी तिच्या मुलाला फोन करून हेच सांगितलं, आणि त्याला ते पटलं. तो म्हणाला, बाई, तुम्ही आहात म्हणून आम्हाला काळजी नाही.

बेल्ह्याच्या बाजाराला निघालेल्या एका पिकअपमधून गाय गेली. मावशीनं तिला हळदीकुंकू लावलं, भाकरी चारली. घराच्या कोपऱ्यावर दहा पावलं न टाकणारी गाय फळीवरून गाडीत मुकाट्यानं चढली. मावशी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पठारावर गेली नाही. जायला काही कारणच उरलं नव्हतं. उंबऱ्यावर पाय पसरून बसायची आणि पायांना तेल चोळायची. आठ दिवसांनी मुलानं तिला माहेरी भावाकडे दोन दिवस पाठवलं, जिवाला बरं वाटेल म्हणून.

ती गेली त्या संध्याकाळी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी खोलीत बसून सुई तापवून तो शिवत होते. कॉइल लावलेली होती. मध्येच आठवलं, मावशी घरात नाही, गजाला पाणी कोण घालणार? तांब्या भरला आणि तशीच अनवाणी मागे गेले. पाणी ओतायला वाकले आणि माझ्या तळपायातून मुंग्या वर चढल्या. पोटऱ्या आतून कुणीतरी आवळल्यासारख्या झाल्या. मी मागे सरले. थांबलं. पुन्हा एक पाऊल पुढे टाकलं. पुन्हा तेच.

मी आत जाऊन मेन स्विच बंद केला आणि परत येऊन त्याच जागी उभी राहिले. काहीच नाही.

सगळं कळायला मला एवढाच वेळ लागला. कातळावरच्या हातभर मातीत वीज मुरत नव्हती, ती गजाभोवतीच पसरत होती. मी रबरी चपलांवर हिंडणार, मला काय कळणार? जिला कळत होतं तिनं मला दोन महिने सांगितलं. गायीनंही तिच्या परीनं सांगितलं. आमच्या वडिलांकडे अशा माणसाला एक शब्द होता, उंटावरचा शहाणा. वडील तो दुसऱ्यांना लावायचे.

मी वायर सोडवली, गज हलवून हलवून उपटला. अंधार पडायच्या आत बाकीच्या तिन्ही घरांचे गज काढले. "बाई, तुमीच लावला आन तुमीच काढता व्हय?" एका घरातला माणूस म्हणाला. मालिका चालू होती, टीव्ही बंद पडला होता. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याला ते किती पटलं कुणास ठाऊक, पण त्यानं गज काढू दिला.

वायरमनला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला आणि अर्ध्या तासात आमच्या घराची तार जोडून, बाकीच्या घरांकडे निघाला. मी म्हटलं, इतके महिने का नाही आलात? "तक्रारच न्हवती, म्याडम. दिवं लागत्यात म्हणल्यावर आमाला काय सपान पडणार हाये?" त्याचं काही चुकलं नव्हतं. मग पिकअपवाल्याला फोन केला. गाय बाजारात त्याच दिवशी विकली गेली होती, घेणारा घाटापलीकडचा, त्याचं नावगाव पिकअपवाल्याला माहीत नव्हतं. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा तो वैतागला.

मावशी त्या संध्याकाळी परत आली. मी तिला अंगणातच गाठलं आणि सगळं सांगितलं. मुंग्या कशाच्या होत्या, वीज कुठून कुठे जात होती. ती माझ्या अंघोळीच्या पाण्यापायी जात होती, हेही सांगितलं. "चूक माझी आहे मावशी," मी म्हणाले. मला लाज वाटत होती. ती चिडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ती चिडली नाही. तिनं गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं आणि मागे गेली. गजाचं भोक मी मातीनं बुजवलं होतं. तिथे ती दोन्ही पाय ठेवून उभी राहिली.

"लाईट चालू हाये न्हवं?"

"आहे."

"तुमची ती कॉइल लावा."

मी जाऊन लावली आणि परत आले. ती तशीच उभी होती, डोळे मिटून. एक पाय उचलून तिनं पुन्हा टेकवला, मग दुसरा. जरा वेळानं तिनं डोळे उघडले आणि तोंडभर हसली. गेल्या दोन महिन्यांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"काय बी व्हत न्हाई, बाई! माजं पाय चांगलं हायेत की. म्या म्हणलं, झालं, आता हातरुणातच जायाचं." तिनं मांडीवर थाप मारली. मातीतच दोन पावलं इकडे टाकली, दोन तिकडे.

मग ती पडवीकडे वळून थांबली. दावं खुंटीला गुंडाळून ठेवलेलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि नंतर माझ्याकडे.

"मंग गाय कशापायी इकली आपण?" तिनं विचारलं.