निर्व्यसनी, साडेदहा टक्के

आमच्याकडे रविवारी दुपारी एक बाटली उघडते. माणसं तीन, बाटली एक, वेळ दोन तास. बाटली संपते, तिच्यावरचं बोलणं काही संपत नाही. रिकाम्या बाटल्या भंगारवाला घेऊन जातो, पण किस्से कोण नेणार? ते माझ्याकडे साठत राहतात. मी बोलते कमी, त्यामुळे आत जागा भरपूर!

बाटली म्हणजे क्राफ्ट एलची. एल ही बिअरच्याच घरातली, पण ह्या तिघांना लागते ती गडद, जड आणि साध्या बिअरच्या दुप्पट कडक. माझा नवरा मंगेश अमरावतीच्या राजापेठेत बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवतो. गजूभाऊंची वरुडकडे संत्र्याची बाग आहे. विनोदभाऊ औषध कंपनीचे एमआर, सतत अकोला-अमरावती करत असतात. हे तिघे 'घोटभर' नावाच्या पेजवर एलचे रिव्ह्यू लिहितात. वाचणारे बहुतेक पुण्याचे. "अमरावतीत मिळतं हे?" असं विचारणारे!

*

हे सगळं मला लग्नानंतर कळलं. बायोडाटावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'निर्व्यसनी'.

माझे बाबा तेल्हाऱ्याचे, कपाशीवाले. दारूशी त्यांचं जन्माचं वाकडं. बैठकीत त्यांनी एकच अट घातली. "मानपान नको, देनं-घेनं नको. पोरगा पेत नसला पाह्यजे, बस." ह्याच अटीवर त्यांनी आधीची स्थळं परत पाठवली होती. मंगेशच्या मामांनी लगेच छातीवर हात ठेवला. "अजी, चहा बी अर्धा पेते पोट्टं!"

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात फ्रिजमध्ये कोथिंबीर ठेवायला गेले, तर मागे दोन काळ्या बाटल्या. मी एक बाटली काढली, टेबलावर ठेवली आणि समोर बसले.

"मी मामाला म्हटलं होतं, खरं सांग म्हणून," मंगेश पुटपुटला.

"मग?"

"तो म्हणाला, हप्त्यातून कपभर पेनाऱ्याले कोनी पेनारा म्हनते का?"

*

बाबांचा फोन नेमका रविवारी येतो.

"जावईबापू काय करून राह्यले?"

मला खोटं बोलता येत नाही. "वाचून राह्यले, बाबा." मंगेश तेव्हा बाटलीवरचं लेबल वाचत असतो.

थोड्या वेळानं पुन्हा फोन. "अन् आता?"

"आता लिहून राह्यले."

"पाह्य! रविवारचा बी अभ्यास करते!"

हसू येतं, पण भीतीही वाटते. कळलं तर बाबा भांडणार नाहीत. फक्त आमच्याकडे यायचे बंद होतील. माझ्या मावशीकडे ते असेच बंद झाले होते. काकांच्या तोंडाला एकदा वास आला, आणि त्यानंतर बाबांनी त्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

*

एलला ऊन चालत नाही. उन्हानं तापली की ती मरते म्हणे, आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास मारते. आता आपल्याकडचं ऊन म्हणजे काय ते सांगायला नको! त्यामुळे दुकानात मंगेशची चौकशी भारी.

एकदा मी बाहेर गाडीवर बसले होते. आत मंगेशनं बाटली उजेडात धरली, तारीख वाचली आणि विचारलं, "भाऊ, ही कधी आली? उन्हात तर नव्हती? उभी ठेवली होती की आडवी?"

मागे ही रांग! दुकानदारानं हात जोडले.

"भाऊ, तुमी दारू नेऊन राह्यले का लेकरासाठी दूध?"

*

यंदाच्या हिवाळ्यात प्रत्येक रिव्ह्यूत एक ओळ यायला लागली, 'शेवटी संत्र्याच्या सालीचा हलका गंध'. बेल्जियमची एल असो की पुण्याची, संत्रं आहेच! मंगेशनं त्यावर सिद्धान्त मांडला. वऱ्हाडच्या कोरड्या हवेत एल वेगळी उघडते, अशी लांबलचक पोस्टच टाकली. पुणेकर थक्क!

मी कोपऱ्यात मटार सोलत बसले होते. शेवटी राहवेना.

"गजूभाऊ, ग्लास तुम्हीच भरता ना?"

"हाव वयनी. काहून?"

"संत्रं सोलता सोलताच?"

गजूभाऊंनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मंगेशनं ग्लासाच्या काठाकडे पाहिलं. विनोदभाऊंनी ग्लास खाली ठेवला.

"म्हंजे अख्खा हिवाळा आपुन गजूचे बोटं पेऊन राह्यलो बे!"

*

नागपुराहून अमरावतीला येताना मध्ये वर्धा जिल्हा लागतो, आणि तिथे दारूबंदी. विनोदभाऊंना हे आठवलं तेव्हा एसटी त्या हद्दीत शिरली होती आणि मांडीवरच्या बॅगेत दोन बाटल्या होत्या. पुढच्या थांब्यावर एक हवालदार चढला. सरळ ह्यांच्याकडेच आला. विनोदभाऊ म्हणतात, तेव्हा त्यांना सगळ्या औषधांची नावं पाठ येत होती, स्वतःचं येत नव्हतं!

हवालदारानं बॅगेकडे बोट केलं. "काय आहे याच्यात?"

"औ... औषधं."

"मंग जपून धरा," असं म्हणून तो शेजारी टेकला आणि ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून थेट अमरावतीपर्यंत घोरला.

त्या एलच्या रिव्ह्यूत विनोदभाऊंनी लिहिलं, 'खांदा अवघडतो'.

*

एकदा एका काळ्याकुट्ट एलवर तिघांचं अडलं. वास ओळखीचा, नाव सापडेना. "वयनी, तुमी सांगा."

मी नुसता वास घेतला. "सरकीची ढेप. भिजवलेली."

माझ्या माहेरच्या गोठ्याचाच वास तो! मंगेशनं जसंच्या तसं छापलं. संध्याकाळी पुण्याहून एका बाईंची कमेंट आली, 'हा फ्लेवर युनिक वाटतोय! कुठे टेस्ट करता येईल?'

मंगेश सभ्य उत्तर जुळवत बसला होता, तेवढ्यात गजूभाऊंनी टाकलंसुद्धा.

'आमच्या म्हशीले विचारून सांगतो.'

*

आणि मग तो मे महिन्यातला रविवार.

विनोदभाऊंच्या पुण्याच्या भावानं एक खास एल पाठवली होती. साडेदहा टक्के अल्कोहोल! तिघे कितीतरी दिवस तिच्या नावानं उसासे टाकत होते. बाटली उघडली, तीन ग्लास भरले, आणि दार वाजलं.

दारात बाबा. खांद्यावर दुपट्टा, हातात गावरान आंब्यांची थैली. तेल्हाऱ्याहून न सांगता आलेले.

लपवायला वेळच नव्हता. बाबा आत आले, खुर्चीत बसले आणि टेबलाकडे बघत राहिले.

विनोदभाऊ सावरले. "काका, हे म्हंजे... एक टॉनिक..."

"नाही, बाबा," मंगेश म्हणाला. "दारू आहे."

मी पाण्याचा पेला घेऊन उभी होते. बाबांनी तो घेतला नाही.

"चालू द्या तुमचं," ते म्हणाले. "मी पाह्यतो."

आता काय करणार? तिघांनी घाबरून तेच केलं जे ते दर रविवारी करतात. ग्लास उजेडात धरले. गोल फिरवले. नाकाला लावले. आणि तिघांचे चेहरे एकदमच उतरले.

"पुठ्ठा," मंगेश म्हणाला.

गजूभाऊंनी पुन्हा हुंगलं. "ओला पुठ्ठा."

"मे महिना अन् ट्रॅव्हल्सची डिक्की," विनोदभाऊ रडवेले झाले. "मेली बावा!"

बाबा समोर बसलेत हे तिघेही विसरले. ऊन कुठे लागलं असेल, कोणत्या गावाला गाडी उभी राहिली असेल, ह्यावर बराच वेळ खल चालला. शेवटी मंगेश उठला. तिन्ही ग्लास बेसिनमध्ये ओतले. मग उरलेली बाटली उलटी केली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच धरून उभा राहिला. मागे दोघे मान खाली घालून.

बाबा हे सगळं टक लावून बघत होते. मग त्यांनी माझ्या हातातला पेला घेतला आणि पाणी प्यायले. जेवण झाल्यावर बाल्कनीत जाऊन त्यांनी आईला फोन लावला. बाबा फोनवर हळू बोलत नाहीत, त्यामुळे आम्हाला सगळं घरात ऐकू येत होतं.

"अवो, मी सोता माह्या डोयानं पाह्यलं! एवढी महागाची दारू आनली, देवाले दाखवल्यावानी उजेडात धरली, नाकाले लावली, अन् सारी मोरीत ओतली! ... हाव, सारी! ... असा निर्व्यसनी मानूस म्या जिंदगीत नाई पाह्यला! ... काय म्हनतं? ... हाव, येडं आहे जरासं. पन ते कोनी बायोडाटात लिवते का?"