मावशीचा रिकामा ट्रान्झिस्टर

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणाऱ्यांपैकी मी एक. सोल्डरिंगच्या धुराशिवाय दुसरा कुठला धूर मी घरात कधी होऊ दिला नाही, आणि अंगारा घेऊन आलेल्या एका बुवाला तर उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं. तरी हे लिहितोय... कारण पन्नास वर्षं पोटात ठेवलं, आता वय झालं. यात अमानवीय म्हणावं असं थोडंच आहे. बाकी सगळं मी केलेलं आहे, आणि लाज वाटते ती त्याचीच.

साल सत्तरच्या थोडं पुढे-मागे. मी मेहकरला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. लग्न व्हायचं होतं आणि डोक्यात एकच किडा — रेडिओ. ट्रान्झिस्टर तेव्हा मिरवायची वस्तू, लोक त्याला झालरीचं कव्हर शिवून घ्यायचे. मला मात्र विकतची वस्तू जशीच्या तशी कधी चाललीच नाही. हातात आली की आधी स्क्रू काढायचे. साबणाच्या डबीत मावणारा एक रेडिओ मी केला होता, सायकलच्या हँडलवर बसणारा एक केला होता. एका मित्राच्या चांगल्या चालत्या सेटमध्ये हात घालून त्याची दूरची सगळी स्टेशनं मी कायमची बंद पाडली. तो अजून भेटला की आठवण करून देतो.

त्या वर्षी खूळ होतं मडक्याचं. सेटमधला स्पीकर काढायचा, वायर लांबवायची आणि पाण्याच्या कोऱ्या मडक्याच्या तोंडावर तो बसवायचा. आवाज असा घुमतो की नवख्या माणसाला खरं वाटत नाही. माझं मडकं तयार होतं, पण मनासारखा जड चुंबकाचा स्पीकर कुठे मिळत नव्हता.

कमलमावशी, म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, हिवरा आश्रमाच्या अलीकडे एका खेड्यात राहायची. मूलबाळ नाही. मावसाजी बसवर कंडक्टर होते. त्यांची बुलढाण्याहून येणारी बस दुपारी चारला गावाच्या फाट्यावर थांबायची आणि मावशी डबा घेऊन तिथे उभी असायची. खिडकीतून डबा घेताना ते गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "आज काय हाये बाई?" मावशी भाजीचं नाव सांगून पदर तोंडाला लावायची. सगळी गाडी हसायची. मग कावीळ झाली आणि महिन्याभरात मावसाजी गेले. मागे उरली चार एकर कोरडवाहू जमीन आणि त्यांनी हौसेनं आणलेला एक मोठा ट्रान्झिस्टर. मावशीला घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तो दिवसभर चालू असायचा.

दीडेक वर्षानं तो बंद पडला आणि तिनं तो विश्वासानं माझ्या हाती दिला. घरी आणून उघडला. सेल पाझरून त्यांना टेकणाऱ्या पत्र्याच्या पट्टीला गंज चढला होता, एवढंच. कानशीनं घासली असती तर दहा मिनिटांत चालू झाला असता... पण आत स्पीकर बसला होता. जड चुंबकाचा, अगदी मला हवा तसा.

मी तो काढला. एकदा हात घातला म्हटल्यावर स्टेशन फिरवायचा गँग काढला, कॉइल काढल्या, आतले बारके ट्रान्झिस्टर काढले, सगळंच काढलं. मनाशी म्हणालो, म्हातारीला काय कळणार आहे? म्हातारी कसली, पंचेचाळिशीचीही नसेल. खोकं हलकं लागू नये म्हणून छपराच्या कवेलूचा, म्हणजे कौलाचा, एक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून आत दाबून बसवला, झाकण लावलं आणि तिला नेऊन दिलं. सांगितलं की आतलं सगळं जळालं, आता होत नाही. तिनं खोक्यावरून हात फिरवला.

"राहू दे बाप्पा. खोकं तरी त्याईच्या हातचं हाये."

रात्री माझ्या मडक्यातून गाणी घुमली. दोस्त वाहवा करून गेले. मला त्या दिवशी काहीही वाटलं नाही, हेही लिहूनच टाकतो.

दोन-तीन महिन्यांनी आईनं पापड देऊन मला मावशीकडे पाठवलं. मावशीचा चेहरा उजळलेला होता. चहा पुढे ठेवत ती म्हणाली की रेडिओ बोलायला लागला. माझा हात कपासकट थांबला. मी म्हटलं, दुसरा घेतलास का? ती म्हणाली, नाही, तोच. पण स्टेशन-बिशन लागत नाही, गाणी नाहीत, फक्त चार वाजता थोडा वेळ बोलतो. मला वाटलं, एकटेपणानं बाईला भास व्हायला लागले. खरं सांगायचं तर बरंही वाटलं... चोरी उघडी पडली नव्हती.

पावणेचारपासून ती रेडिओ ठेवलेल्या फडताळाजवळ उभी राहिली. लख्ख ऊन होतं. अंगणात कोंबड्या फिरत होत्या आणि समोरच्या घरी कोणीतरी तूर पाखडत होतं. आधी मला बसचा खडखडाट ऐकू आला. मी सवयीनं रस्त्याकडे पाहिलं, पण त्या घरापासून फाटा चांगला लांब आहे, तिथली बस घरात कधीच ऐकू यायची नाही. मग दोरीच्या घंटीचा एक टोल. मग दार आपटल्याचा आवाज, बायाबापड्यांचा गलका, आणि मावसाजी.

"आज काय हाये बाई?"

आवाज फडताळातून आला. मावशी हलक्या आवाजात म्हणाली, "मेथी." माणसं हसली. घंटीचे दोन टोल पडले आणि सगळं हळूहळू लांब गेलं. पुन्हा तूर पाखडल्याचाच आवाज उरला. मी उठून खोकं उचललं. मागचं झाकण सेलच्या जागेपाशी थोडं सरकवलं तर आत वर्तमानपत्राची पुडी मी ठेवली होती तशीच होती. सेलसुद्धा नव्हते. मी झाकण लावून खोकं होतं तिथे ठेवलं. मावशी मात्र पापडाचा डबा उघडून पाहत होती, किती आलेत ते.

मेहकरच्या रेडिओ मेकॅनिक प्रभाकरला मी गाठलं. चोरीचं लपवून बाकी सगळं सांगितलं. तो म्हणाला, गंजलेल्या पत्र्यावर, तारेवर कधीकधी स्टेशन आपोआप पकडतं, नवल नाही. मग म्हणाला, "पण मेलेला कंडक्टर कोन्त्या मीटरवर लागते, ते मले नाई माहीत."

तीन रात्री झोप आली नाही. भीती होतीच, पण भीतीपेक्षा जास्त आत काहीतरी टोचत होतं. मावशीसमोर कबूल करायची हिंमत नव्हती. म्हणून मी माझ्यासारख्या माणसाला सुचेल तेच केलं — दुरुस्ती. मडक्यावरचा स्पीकर उतरवला, बाकीचे पार्ट गोळा केले आणि रविवारी पिशवीत घालून गेलो. मावशी शेतात होती. तिच्या ओसरीवर बसून जन्मात केलं नव्हतं इतकं निगुतीनं काम मी केलं. एकेक टाका तपासला. कवेलूचा तुकडा कागदासकट बाहेर चुलीमागे टाकला, नवे सेल घातले. ती परत आली तेव्हा रेडिओवर शेतीचा कार्यक्रम खणखणीत चालू होता. पार्ट मिळाले म्हणून सांगितलं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. वाटलं, फिटलं.

पुढच्या रविवारी गेलो तर रेडिओ बंद होता.

"याच्यात काय टाकलं रे तू? आठ दिस झाले, ते आलेच नाई."

मी म्हटलं, आता सगळी स्टेशनं लागतात की. ती म्हणाली, "स्टेशन घेऊन काय करू मी? होतं तसं करून दे." मी नाही म्हणू शकलो नाही. तिच्यासमोरच खोकं उघडलं, एकेक पार्ट काढला. मग चुलीमागे जाऊन कवेलूचा तुकडा शोधून आणला, फुंकर मारून राख उडवली, त्याच कागदात गुंडाळला आणि आत बसवला. ती पाहत होती. मान वर करायची माझी छाती होईना. तिनं विचारलं, "हे तूच ठेवलं होतं?" मी हो म्हणालो. सगळं सांगितलं... गंज, स्पीकर, मडकं, सगळं. ती खोकं फडताळात ठेवून चार वाजायची वाट पाहत उभी राहिली. 

चार वाजता काही वाजलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही. मी दर रविवारी जायचो आणि तिच्याबरोबर फडताळाजवळ उभा राहायचो. कवेलू तेच होतं, कागद तोच होता, खोकं त्याच जागी होतं. मग काय बदललं? मी आयुष्यभर वस्तू उघडून पाहत आलो, पण हे मला आजवर उघडता आलेलं नाही. 

पोळ्यानंतरच्या एका रविवारी मावशीनं खोकं आणि पार्टांची पिशवी, दोन्ही माझ्यापुढे आणून ठेवलं. मी म्हटलं, हे तुझं आहे. ती शांतपणे म्हणाली, "तू चोरलं तवा ते येत होते बाप्पा. तू दुरुस्त केलं अन् गेले. तुले आवाजच पाह्यजे होता ना... घेऊन जाय."

मी घेऊन आलो.